नऊ नंबरचं तिसरं नाव

चौदा जागांची नावं लिहून झाली होती. प्रत्येक जागेला तीन: पहिली, दुसरी, तिसरी. देशाच्या मुलींच्या रग्बी संघाची ही यादी पाच वाजेपर्यंत पाठवायची होती आणि चार तर केव्हाच वाजून गेले होते. अमरावतीच्या मैदानाशेजारच्या खोलीत प्रशिक्षक देवराव एकाच ओळीपाशी अडून बसले होते. नऊ नंबर, तिसरं नाव.

नऊ नंबर म्हणजे ती, जी धिप्पाड पोरींच्या रेटारेटीतून बाहेर आलेला चेंडू उचलते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मागच्यांकडे फेकते. पहिली रागिणी, दुसरी ओडिशाची एक पोरगी, आणि तिसरी निर्विवाद तेल्हाऱ्याची रश्मी. खेळाचा प्रश्नच नव्हता. पण तिसरीला सामना कुठला मिळायला? पहिली जखमी होऊन पडली, मग दुसरीही पडली, तर तिसरी मैदानात. दोघी एकदम पडल्याचं देवरावांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि हे त्यांच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? सहा वर्षं ते स्वतः याच जागेवर तिसरे होते. अंगात देशाचा शर्ट, खेळलेले सामने शून्य.

त्यांनी रश्मीला बोलावून घेतलं आणि ती दारात दिसताच सांगून टाकलं, "तुयं नाव मी टाकून नाई राहिलो."

पोरगी उंबऱ्यातच थांबली. "काहून सर? कमी पडली का मी?"

"कमी नाई पडली. अकोल्याच्या शाळेत तुले खेळाच्या बाईची जागा भेटली ना? पंधरा तारखेले हजर व्हाचं हाये. आपला कॅम्प बी पंधरालेच. शाळा काई तुयासाठी चार महिने थांबत नाई."

"थे मी पाहीन ना सर."

"तू काय पाहशीन?" देवरावांचा आवाज चढला. "मी पाह्यलं ना सारं. मले एस.टी.त कंडक्टरची ऑर्डर आली होती. सोडली. अन् सहा वर्षं काय केलं मी, मालूम हाये का तुले?"

पोरीला चांगलं घाबरवून सोडायचं, असा त्यांचा बेत होता. त्यांनी सांगायला घेतलं.

"सामन्याच्या आधी महिनाभर मले समोरच्या टीमचा नऊ नंबर बनवत. त्याच्या कॅसेटा दाखवत. थो कसा वाकते, पाहते कुठं, फेकते कुठं, थे सारं शिकाचं. मंग सरावात आपल्याच पहिल्या नंबरच्या समोर उभं राहाचं अन् त्याले सतवाचं. म्हणजे सहा वर्षं मी देवराव म्हणून खेळलोच नाई. कदी कझाकस्तानचा, कदी श्रीलंकेचा. थो श्रीलंकेवाला तर लय बदमाश. चेंडू द्याच्या आधी असा डावा खांदा टाके."

खुर्चीतून आपण उठलो कधी, हे त्यांनाच कळलं नाही. चोपन्न वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरले, तरी कमरेत वाकून त्यांनी खांदा टाकून दाखवला. पुन्हा एकदा दाखवला. पुण्याचा कॅम्प, पहाटेचं ओलं गवत, भिजवलेले हरभरे, आणि समोर पहिला नंबर जीवन, धामणगावचा. दोघं एकाच गाडीनं घरून निघालेले. सरावात चकला की जीवन वऱ्हाडीतून असल्या शिव्या द्यायचा की बाकीच्या गड्यांनी त्या पाठ केल्या होत्या. फार सुखाचे दिवस होते ते. देवरावांनी हे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. घरी कंडक्टरकीचा विषय निघाला की ते पस्तावल्यासारखंच बोलत.

"मंग सामना?" रश्मीनं विचारलं. ती आत येऊन टेबलापाशी उभी होती.

"सामना मी बाकावरून पाह्यला. सुटल्यावर जीवन कोनाशीच बोलला नाई, सीधा माह्याकडं आला. ओठ फुटलेला. मानगूट धरली मायी अन् म्हने, 'थो खरा काईच नव्हता बे देव्या. तूच लय जड गेलता.'"

देवराव खिडकीकडे वळून उगाच मैदान पाहत राहिले. जीवनला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि ते वाक्य ऐकलेलं तिसरं कोणी नव्हतं.

"म्हणून सांगतो," ते म्हणाले, "शाळा पकड. तिसऱ्याले कोनी विचारत नाई." पण मघाचा जोर आवाजात राहिला नव्हता. ते त्यांनाही ऐकू आलं.

रश्मी बोटाची सालपटं काढत म्हणाली, "आईनं शाळेसाठी दोन साड्या बी घेऊन ठेवल्या, सर."

"मंग?"

"मंग आईले सांगा लागन."

"मी बोलू का तिच्याशी?"

"नाई. मीच सांगन. आई रडन थोडीशी."

देवराव खाली बसले. त्यांनी रिकाम्या ओळीत तिचं नाव लिहिलं. ते लिहिताना आपण बरं करतोय की वाईट, हे त्यांना अजिबात कळत नव्हतं.

"सर, आपला पहिला सामना थायलंडशी हाये ना?" रश्मीनं विचारलं. "त्यायची नऊ नंबरवाली किक डाव्या पायानं मारते का उजव्या?"

"दोनी पायानं," देवराव म्हणाले.