लहान अंगाची मादी

कृष्णराज आपला नर बॉल पायथन डब्यात घालून बार्शीहून परंड्याला आला, तेव्हा इंद्रजित आपल्या मादीला वजनकाट्यावर ठेवत होता. आफ्रिकेतला हा बुटका अजगर त्यानं रीतसर नोंद करून पाळलेला. मादी वयानं पुरी वाढलेली, पण अंगानं बारीक. त्याची बायको हर्षाली तिच्यासाठी गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सोडून दाराशी उभी होती.

“यंदा न्हाय लावायची,” काटा बघून इंद्रजित म्हणाला. “मागच्या साली सहा अंडी घातलीत तिनं.”

“म्हणून तर नर आणलाय की, राव.”

“अंड्यांवर दोन महिने उपाशी बसती ती. एवढ्याशा जिवाला लगेच दुसरी खेप दिली, तर मरून जाईल. दीड वर्ष नुसतं खाऊ घालायचं, अंग धरू द्यायचं.”

“पोरीच्या बापावानी बोलायलास,” कृष्णराज हसला.

“मुकं जनावर हाय. तिचा इचार आपणच करायचा.”

कृष्णराज नर घेऊन माघारी गेला. हर्षालीनं उंदीर पुसून चिमट्यात धरला आणि नवऱ्याच्या हातात दिला.



दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात, रक्त सहावर आल्याचं सांगून सिस्टरनं मागच्या बाळंतपणाला किती महिने झाले ते विचारलं, तेव्हा चार महिन्यांची पोटुशी हर्षाली खाली बघत म्हणाली, “आठ.”