नऊ इंच

सातव्यांदाही अर्लीन गाण्याच्या दुसऱ्या ओळीवर उशिरा आली. रेकॉर्डिंग स्टुडिओच्या काचेआड बसलेल्या क्रोलने जायला टोपी उचलली. तो रेकॉर्ड कंपनीचा माणूस. त्याचं न्यूयॉर्कचं विमान दोनला होतं. तोवर जमलं नाही, तर गाणं डेट्रॉइटच्या एका मुलीकडे जाणार होतं आणि अर्लीन परत लाँड्रीत, इस्त्रीवर.

"आवाज आहे. ताल नाही," क्रोल म्हणाला.

निर्माता हॉलिस टार्पली रेकॉर्डिंगच्या यंत्रावर वाकला. त्याने टेप हाताने मागेपुढे फिरवली. ओळ संपते तिथे आणि पुढची सुरू होते तिथे पिवळ्या पेन्सिलीने खुणा केल्या. मध्ये मोजपट्टी ठेवली. नऊ इंच. पुढच्या ओळीलाही नऊ. तिसरीलाही नऊच. ताल चुकणाऱ्याचं अंतर कमी-जास्त होतं. हे होत नव्हतं.

तो उठून अर्लीनपाशी गेला.

"दर ओळीनंतर कुणासाठी थांबतेस?"

ती ओशाळली. म्हणाली, चर्चमध्ये ओडेसा मावशी पहिल्या बाकावर बसते. ओळ संपली की ती 'हो गं बाई' म्हणते. त्याशिवाय पुढची ओळ तोंडातून निघतच नाही. पण मावशी चाळीस मैलांवर, दुखरे गुडघे धरून घरात.

बाहेर व्हरांड्यात वादक लॉनी आपली स्टील गिटार, तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवायची, जुळवत होता. दुपारी त्याच्या कंट्री गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. हॉलिसने त्याला गिटारसकट आत ओढलं. लॉनी कुरकुरला, की आपल्याला घोडे, दारू आणि पळून गेलेली बायको एवढंच वाजवता येतं.

"आज म्हातारी हो," हॉलिस म्हणाला. "ती थांबली की 'हो गं बाई' म्हणायचं. जागा नऊ इंच आहे. दहावा घेऊ नकोस."

आठव्यांदा ओळ संपली, अर्लीन थांबली. लॉनीची कांडी तारांवरून घसरली आणि जणू कुणा म्हातारीने पोटातून हुंकार दिला. अर्लीनने डोळे मिटले. मग गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत.

क्रोलने टोपी खाली ठेवली. तरी त्याची कटकट चालूच. म्हणे, चर्चच्या गाण्यातून आलेल्या सोल संगीतात गुराख्यांचं वाद्य. चर्चमधली माणसं तोंड फिरवतील.

हॉलिसने अर्लीनकडून नंबर घेऊन मावशीला फोन लावला. रिसीव्हर स्पीकरसमोर धरून अख्खं गाणं ऐकवलं आणि मग तो क्रोलच्या हातात दिला.

"पोरगी छान गायली," मावशी म्हणाली. "पण माझ्या बाकावर बसलेली ही बाई कुठल्या चर्चची?"