सुताराची पकड

“धरू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

सुताराला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही चुकलं. लेकीला फिट आली की तो हातातला रंधा टाकून धावायचा आणि तिचे दोन्ही दंड जमिनीशी आवळून धरायचा. शिकंज्यात धरलेली फळी एखादवेळी हलेल, पण त्याच्या हातातली लेक हलायची नाही. एवढंच आपल्याकडे, बाकी सगळं देवाकडे, असा त्याचा साधा हिशेब.

“न धरायला ती काय परक्याची आहे?”

डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. चित्रात बारीक फांद्या फुटलेले ठिपके होते. “या मेंदूतल्या राखणदार पेशी. शेजारची पेशी उगाच भडकली, की या तिला हलकेच बिलगून शांत करतात. पण वारंवार फिट आल्या की याच बिथरतात. सूज वाढवतात, आणि पुढच्या फिटला वाट करून देतात.”

“म्हणजे कुंपणच शेत खातं म्हणा की.”

“खात नाही हो, घाबरतं.” त्या हसल्या. “त्यांच्यासाठी औषधं शोधणं चालू आहे. तुम्ही मात्र आजपासून दाबणं सोडा. खांदा निखळेल पोरीचा. डोक्याखाली मऊ काही द्या, कुशीवर वळवा, जवळ बसा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच इकडे आणा.”

वाटेत बायको म्हणाली, “हे सगळं तुमच्या हातांना समजावा म्हणजे झालं. ते कुठे कुणाचं ऐकतात?”

पुढची फिट भर दुपारी आली. कपड्यांच्या घड्या घालता घालता लेक कोसळली. बायकोने स्टूल बाजूला ओढलं. त्याने अंगातला सदरा काढून तिच्या डोक्याखाली सारला, तिला कुशीवर वळवलं. हात सवयीने दंडांकडे गेले. ते त्याने मागे घेतले, तिच्या पाठीमागे मांडी घातली आणि एक तळवा तिच्या पाठीवर नुसता टेकवला. ती थरथरत होती. त्याने डोळे मिटले आणि अंगातला सगळा जोर देवाच्या नावात घातला.

हळूहळू थरथर ओसरली. बऱ्याच वेळाने लेकीने डोळे उघडले. समोर आई होती. तिने आपला एक खांदा हलवून पाहिला, मग दुसरा.

“आई, आज दंड दुखत नाहीत,” ती पुटपुटली. “बाबा घरी नाहीत का?”