आड येणारी फांदी

“मशिनं बंद करा जरा,” कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता तो म्हणाला.

तीन शिलाई मशिनं एकामागून एक थांबली. ताईने हातातला खडू खाली ठेवला. दुकान तिचं, मशिनं तिची, पण गेले काही दिवस हुकूम धाकट्या भावाचा चालत होता. कापड बेतायच्या टेबलावर त्याने कॅमेऱ्याचा स्टँड मांडला होता. त्यावरची हातभर लांब लेन्स खिडकीतून बोळापलीकडच्या गोदामाच्या भिंतीकडे रोखलेली. त्या भिंतीत जुना पाइप काढल्यावर राहिलेलं भोक होतं आणि भोकात दयाळ पक्ष्याची पिल्लं. मशिन चाललं की टेबल थरथरे, टेबल थरथरलं की फोटो हाले. शाळेचे गणवेश ताई जमिनीवर बसून बेतत होती. कंबर धरली की एकदा भावाकडे बघायची आणि पुन्हा खाली वाकायची.

दयाळ आला. काळा-पांढरा, शेपटी ताठ, चोचीत अळी. भिंतीतच उगवलेल्या झुडपाची एक फांदी भोकासमोर आडवी आली होती, तिच्यावर टेकला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि आत गेला. कॅमेरा खटाखट वाजला.

भावाने फोटो मोठे करून पाहिले. पान. पान. पुन्हा पान. पानाची शीर न् शीर मोजून घ्यावी अशी, आणि तिच्यामागे पक्षी म्हणजे नुसता धुरकट डाग.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या गटात त्याला ‘पाठमोरे’ म्हणत. त्याच्या फोटोतलं प्रत्येक पाखरू पाठ करून निघालेलं असे, म्हणून. एक तरी फोटो असा दाखवायचा, की पाखराच्या डोळ्यात समोरची खिडकी दिसली पाहिजे, एवढाच त्याचा ध्यास होता. आणि पिल्लं तर आज-उद्या उडायला आली होती.

ताईने चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली. मशिनवरच्या एकीने हळूच विचारलं, की आता पाय चालवू का. त्याने टेबलावरची कात्री उचलली आणि तो मागच्या दाराने बाहेर पडला.

“कापडाची आहे रे ती,” ताई म्हणाली.

कापडाच्या कात्रीने त्या दुकानात कुणी कागदही कापत नसे. पण तो पालथ्या बादलीवर चढला होता. दोनदा करकर आवाज झाला आणि फांदी बोळात पडली.

आता मात्र चौकट स्वच्छ झाली. भोकाची कड, कडेवरचं शेवाळ, सगळं सुईच्या टोकासारखं दिसू लागलं. तो श्वास रोखून बसला. ताई कात्रीच्या पात्यावरचा चीक पुसत राहिली.

दयाळ आला. भोकापर्यंत आला आणि हवेतच वळला. पन्हळीवर बसून शेपटी उडवत चिरचिरू लागला. पुन्हा आला, पुन्हा वळला. अळी चोचीतच. मादी आली, तीही तशीच गेली. आतून पिल्लांचा ओरडा चालला होता. तो बारीक होत गेला. गोदामाच्या छपरावर एक कावळा उतरला आणि मान वाकडी करून उघड्या भोकाकडे बघू लागला.

बुजलाय, येईल, असं तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाज खाली गेला होता.

“आधी त्या फांदीवर बसून चारी बाजू बघायचा, मग आत जायचा,” ताई म्हणाली. “आम्ही रोज बघतो. आता बसेल कुठं, तुझ्या डोक्यावर?”

तो उठला. बोळातली फांदी उचलली, झटकली. भिंतीच्या फटीत खोचून पाहिली, पडली. चिकटपट्टी लावून पाहिली, शेवाळावर ती धरेना. ताईने तार आणायला कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे धाव घेतली. जाता जाता, तोवर हातात धर, एवढंच म्हणाली.

तो बादलीवर चढला आणि फांदी होती तशी, भोकासमोर आडवी धरून उभा राहिला. कावळा उडाला, पण लांब गेला नाही.

खिडकीतून मशिनवालीने विचारलं, “दादा, आला तर बटण दाबू का? इथून छान दिसतंय.”

फांदी, भोक, उजेड, सगळं जिथल्या तिथं होतं. असा फोटो त्या गटात कुणाकडेच नव्हता.

“नको,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “खिडकीतून मागे व्हा.”

दयाळ पन्हळीवर होता. भावाने वर पाहिलं की पक्षी मागे सरके, नजर काढली की पुढे येई. पक्ष्यांच्या मागे लागलेल्याला पहिल्याच दिवशी सांगतात, की पाखरू माणसाच्या डोळ्यांना भितं, म्हणून तर जाळी पांघरून बसायचं. जाळी घरी होती.

त्याने मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले.

खांदा भरून आला. मनगटावर मुंगी चढली, ती कोपरापर्यंत गेली. जवळच पंख वाजले आणि दूर गेले. मग कितीतरी वेळ काहीच नाही. पिल्लंही गप्प. त्याने डोळे उघडले नाहीत.

आणि हातातली फांदी जराशी, अगदी जराशी खाली गेली. भिंतीच्या आत एकदम कल्ला उठला.