पायमोजे

पक्षाघाताने आईची वाचा गेली होती. दंडावरचे चिमट्यांचे काळेनिळे डाग लेकीला दिसले, तेव्हा तिने अख्खं नर्सिंग होम डोक्यावर घेतलं. मॅनेजरने आईची देखभाल करणाऱ्या आयाबाईंना छळ ओळखण्याच्या प्रशिक्षणाला धाडलं.

महिन्याने लेक आली. मॅनेजर आयाबाईंकडे बोट दाखवत कौतुकाने म्हणाला, "प्रशिक्षणात सगळ्यात जास्त प्रश्न यांचेच. अंगावर कुठे कुठे तपासतात, तेसुद्धा विचारून घेतलं."

आईचे दोन्ही दंड स्वच्छ होते. लेकीचा जीव भांड्यात पडला.

"चल आई, बागेत जाऊ."

आई पाय काही जमिनीला टेकवेना. चपला घालायला लेक तिचे मोजे काढू लागली.

"राहू द्या ताई," आयाबाई लगबगीने म्हणाल्या. "तळव्यांना गार लागतं त्यांच्या. मोजे मीच घालते, मीच काढते."

लेकीचे डोळे भरून आले. "माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त जपता हो तिला."