मुश्ताकभाईंचा चहा

"कुणाला सांगणार नसशील तरच सांगते," कुंदाआजी लिफ्टमध्ये वीणाला म्हणाल्या. लिफ्टमध्ये दोघीच होत्या, तरी त्यांनी आवाज खाली आणला. "मुश्ताकभाईंनी गॅरेज पणाला लावलंय. पोरींच्या बास्केटबॉलवर. आपली टीम हरली की रास अल खोरचं गॅरेज खलास."

वीणाला पाचव्या मजल्यावर उतरायचं होतं, ती आजींबरोबर सातव्यापर्यंत गेली.

मुश्ताकभाई तिसऱ्या मजल्यावरचे. मूळ रत्नागिरीचे, नमाज न चुकवणारे, पत्त्यांना हात न लावणारे. असा माणूस पैज लावेल? आजींनी सुस्कारा सोडला. म्हणाल्या, माणसाचं काही सांगता येत नाही बाई. समोरची पार्टी शारजाची आहे म्हणे, जबरी माणूस. आणि हे बघ, इथे दुबईत जुगार म्हणजे थेट जेल. तो शब्द तोंडातून काढायचा नाही. मुश्ताकभाईंसमोर तर नाहीच नाही, त्यांना बिचाऱ्यांना लाज वाटेल. बोलायचंच झालं तर 'चहा' म्हणायचं.

एवढं सांगून त्या घाईघाईने घरात शिरल्या. डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची वेळ झाली होती.

आजींची नात मिहिका आणि मुश्ताकभाईंची नबिला एकाच कॉलेजच्या टीममध्ये खेळायच्या. दर मार्चमध्ये ऊद मेथाच्या हॉलमध्ये इंडियन कॉलेजांची टूर्नामेंट व्हायची. बघायला कोण? दोन-चार आया आणि पेंगणारा वॉचमन. कोच प्रकाश सरांनी यंदा पोरींना सांगून टाकलं होतं, की फायनलला हॉल भरला नाही तर पुढच्या वर्षीपासून टूर्नामेंट बंद. हॉल क्रिकेटवाल्यांना जाणार.

"नोबडी केअर्स, आजी," मिहिका जेवताना रडली होती. "इट्स ओव्हर."

आजींनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली होती आणि जेव म्हणाल्या होत्या.

पहिल्या मॅचला वीणा गेली, ती फक्त मुश्ताकभाईंना बघायला. जाताना तिने फक्त तिच्या बहिणीला सांगितलं होतं. बहिणीने फक्त तिच्या ऑफिसात.

मुश्ताकभाई तिसऱ्या रांगेत बसले होते आणि रुमाल पिळत होते. बॉल समोरच्या टीमकडे गेला की डोळे मिटायचे. नबिला पडली तेव्हा ते उठून उभेच राहिले. वीणाला गलबलून आलं. मध्यंतरात तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, काय भाई, आज इकडे कसे? तर म्हणाले, नात खेळते ना, म्हणून येतो. गेल्या वर्षी तिचा हात मोडला होता, जीव थाऱ्यावर राहत नाही.

वीणाने मान डोलावली. नातीसाठी कुणी एवढा घाम गाळतं का?

मग तिला समोरच्या बाकावरचा माणूस दिसला. सफारी सूट, काळा गॉगल, ताठ मान. हॉलमध्ये एवढा गलका, पण याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. बाकीचे यायच्या आधीपासून येऊन बसलेला, आणि गेला कधी तेही कुणाला कळलं नाही. बॉलकडे तर बघतही नव्हता. सरळ समोर, मुश्ताकभाईंवर नजर रोखून.

शारजाची पार्टी. सांगायची गरजच नव्हती.

सेमीफायनलला अर्धी बिल्डिंग आली, आणि करामाहून दोन गाड्या भरून माणसं. बाहेर एकाने समोशांचा ठेला लावला, एक समोसा दोन दिरहॅम, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये, तरी संपले. आधी सगळे मुश्ताकभाईंकडे बघायचे, मग गॉगलकडे, आणि मग नाइलाजाने खेळाकडे. पण चहा कसा चाललाय हे कळायचं तर फाऊल कशाला म्हणतात हे कळायला हवं. वीणाने मुलाकडून नियम समजून घेतले. बायका बाजारात एकमेकींना विचारायला लागल्या, नबिलाचा गुडघा कसा आहे, मिहिका लांबून का मारत नाही.

फायनलला वॉचमनला दार बंद करावं लागलं, आत जागाच नव्हती.

शेवटच्या मिनिटाला आपली टीम एका पॉइंटने मागे होती. बॉल नबिलाकडे आला, तिने मिहिकाकडे टाकला. वीणा बाकावर चढून "यल्ला मिहिका, मार" म्हणून ओरडत होती. मुश्ताकभाईंकडे बघायचं ती साफ विसरली होती. बॉल रिंगवर दोनदा नाचला आणि आत पडला.

लोकांनी मुश्ताकभाईंना उचललं. गॉगलवाला तेवढा तसाच ताठ बसून होता. हरला तरी पापणी लवली नाही, लोक म्हणाले, याला म्हणतात काळीज.

संध्याकाळी मुश्ताकभाई मिठाईचा डबा घेऊन सातव्या मजल्यावर आले. मिहिका फोनवर होती. प्रकाश सर सांगत होते, टूर्नामेंट चालू राहणार, पुढच्या वर्षी मोठा हॉल बघायचाय.

"कुंदाताई, एक विचारू?" मुश्ताकभाई दारातच थांबले. "माणसं माझ्या गळ्यात पडून रडत होती. वीणाबाई म्हणाल्या, वाचलात भाई. मी कशातून वाचलो?"

"आधी बसा तर," आजी म्हणाल्या. "चहा टाकते."

तेवढ्यात आतल्या खोलीतून भिंत चाचपडत आजींचा धाकटा भाऊ रामचंद्र आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून मिरजेहून आराम करायला आलेला.

"ताई, थेंब घाल बाई," सफारीचं बटण सोडत तो म्हणाला, "आणि आता तरी सांग, तू मला रोज नेऊन बसवत होतीस, तिथे चाललं काय होतं?"