सरकी

रजईची उसवण अर्ध्यावर आली होती. उद्या धाकट्या लेकीला, रुबीनाला बघायला राळेगावचे पाहुणे मुक्कामी येणार, म्हणून हुस्नाबी जुना कापूस पिंजायला काढत होती. रजई थोरल्या लेकीची, जेबाची. दोन वर्षांपूर्वी जेबा सासरी खोकून खोकून गेली, तेव्हा तिच्या सामानातलं एवढंच परत आलं. आता ती रुबीना पांघरायची. काठ टोचतो म्हणायची. "कापसात सरकी राह्यली असन," हुस्नाबी दरवेळी सांगायची.

मागच्या दाराने संगीता आली. ती गावची आशाताई. पण गल्लीच्या लेखी हुस्नाबीकडे ब्लाऊज शिवायला टाकणारी बाई. कापडाच्या घडीतून तिने टीबीच्या गोळ्या काढल्या.

"चाची, रुबीनाले बोलवा. माह्यासमोर घेऊ द्या."

"आज अन् उद्या राहू दे."

"काहून?"

"पाहुण्यात बाया हायेत. संडास एकच. या गोळ्यांनी लघवी लाल होते, तुले मी काय सांगू? एकीनं पाह्यलं की झालं."

"खाडा नाही चालत, चाची."

"सोयरीक तुह्या पोरीची हाये का?"

रुबीना पाण्याचा पेला घेऊन आली. ओढणीत खोकली.

"जेबा आपाले बी तू असंच सांगतलं होतं, अम्मी. फोनवर. मी आयकलं होतं."

"चार दिवस म्हटलं होतं मी! तिची ननंद माहेरी आली होती तवर. चारच दिवस!"

बोलता बोलता हुस्नाबीच्या बोटाला काठाशी काहीतरी टणक लागलं. तिने नखाने कापूस फाडला. सरकी नव्हती. लालसर गोळी होती, संगीताच्या हातातल्यासारखीच. भोवतीचा कापूस तांबूस झालेला. शेजारी दुसरी. मग पूर्ण काठाने ओळच, आणि प्रत्येक गोळीला वेगळा टाका. बारीक, एकसारखा. जेबाला तो हुस्नाबीनेच शिकवला होता.



मग रुबीनाने संगीतापुढे हात पसरला. गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायली. हुस्नाबी पाहत होती. तिने अडवलं नाही.

संगीता सवयीने मागच्या दाराकडे वळली.

"समोरून जाय," हुस्नाबी म्हणाली. "अन् उद्या पाहुणे बसले असतीन तवाच ये. दवाखान्याची पिशवी घेऊन."

संगीता गेली. समोरचं दार उघडंच राहिलं. हुस्नाबीने रजई मांडीवर ओढली आणि ती एकेक टाका उसवत मागे मागे जाऊ लागली. चार दिवसांपुरती म्हणून शिवलेली पहिली गोळी तिला सापडत नव्हती.